ओढून टाकलेली फाइल कुठे हरवते

सांगलीत माझ्या पुतण्याचा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईत त्याचा फोन आला. "काका, एकेक फोटो टाकला की व्यवस्थित चालतंय. पाच निवडून एकदम टाकले की पहिलाच लहान होतोय. दुसऱ्यापासून म्हणतंय, प्रोग्रामच सापडत नाही. पहिल्याला सापडलेला प्रोग्राम दुसऱ्याला कसा काय सापडत नाही?"

प्रश्न बिनचूक होता. बिघाड शोधायला निघालेल्या माणसाने असाच प्रश्न विचारायला हवा: काय चाललं, काय चाललं नाही, आणि दोन्हींत फरक काय. त्याचं उत्तर पुढे येईलच, पण आधी ही भानगड काय आहे ते सांगतो.

त्याच्या डेस्कटॉपवर एक बॅच फाइल आहे. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या दहा-पंधरा ओळी आणि नावाच्या शेवटी .बॅट. निवडलेले फोटो माउसने ओढून या फाइलच्या आयकॉनवर सोडायचे. स्क्रिप्ट एकेक फोटो उचलते, इमेजमॅजिक नावाच्या मोफत प्रोग्रामच्या हवाली करते आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याजोगी लहान प्रत तयार होते. अशा स्क्रिप्ट मी छापखान्यांत, हिशेबनिसांच्या कार्यालयांत, शाळांच्या ऑफिसांत पाहिल्या आहेत. कुणीतरी कधीतरी लिहून दिलेल्या असतात, वर्षानुवर्षं चालतात, आणि एखाद्या दिवशी एखाद्या फाइलवर अडतात. मग त्यांना हात लावायला कुणी धजत नाही. वास्तविक त्या अडण्याची कारणं मोजकी आहेत, आणि बहुतेकांचं मूळ एकच आहे.

ते मूळ असं. फाइल ओढून स्क्रिप्टवर टाकली तरी फाइल कुठे जात नाही. तिचा पत्ता तेवढा जातो. विंडोजचा एक्सप्लोरर निवडलेल्या फाइलींचे पूर्ण पत्ते एकापुढे एक लिहून एक लांबलचक ओळ तयार करतो आणि ती सीएमडी या प्रोग्रामला देतो. बॅच फाइल चालवणारा हाच. सीएमडी त्या ओळीचे तुकडे पाडतो आणि तुकड्यांना क्रमांक देतो: पहिला %१, दुसरा %२, असं %९ पर्यंत. स्क्रिप्टचं स्वतःचं नाव %० मध्ये. (कीबोर्डवर हे अंक आणि पुढे येणारी अक्षरं रोमनच टाकायची. इथे छपाईपुरती ती देवनागरीत आहेत.) स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे %१ लिहिलं असेल तिथे सीएमडी त्या जागी पत्ता जसाच्या तसा चिकटवतो, आणि मग ती नवी ओळ पुन्हा वाचतो. ती ओळ इमेजमॅजिकसाठी असेल तर इमेजमॅजिक तिचे आपल्या नियमाने पुन्हा तुकडे पाडतो.

लिनक्समध्ये एका प्रोग्रामने दुसऱ्याला फाइलींची नावं दिली, की ती वेगवेगळी, सुटी, यादी म्हणून पोचतात. विंडोजमध्ये यादी नसते, एकच सलग ओळ असते, आणि ती कुठे तोडायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. म्हणजे एकच नाव तीन जण तीनदा वाचतात, आणि तिघांचं व्याकरण वेगळं. स्क्रिप्ट बिघडली असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा या तिघांपैकी एकाने नाव चुकीच्या जागी तोडलेलं असतं. कुणी तोडलं हे शोधणं म्हणजे दुरुस्ती.

शोधायला सुरुवात करण्याआधी एक अडचण दूर करावी लागते. काळी खिडकी उघडते, क्षणभर काहीतरी लिहिलेलं दिसतं आणि खिडकी मिटते. चूक काय झाली हे सांगणारी ओळ तिच्यातच होती. म्हणून पहिलं काम: स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'पॉज' लिहायचं, म्हणजे कळ दाबेपर्यंत खिडकी उघडी राहते. तेवढ्यानेही मिटत असेल तर स्क्रिप्ट शेवटापर्यंत पोचतच नाही, मध्येच कोलमडते, असा त्याचा अर्थ. तेव्हा स्टार्टमधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, त्यात आधी स्क्रिप्टची फाइल ओढून टाकावी, मग एक जागा सोडून फोटो ओढून टाकावा आणि एंटर दाबावं. ही खिडकी आपण उघडलेली असल्याने ती मिटत नाही.

दुसरं काम: पहिल्याच ओळीत 'एको ऑफ' असतं ते काढून टाकायचं. त्या ओळीमुळे स्क्रिप्ट गुपचूप चालते. ती काढली की सीएमडी प्रत्येक ओळ चालवण्याआधी छापून दाखवतो, आणि छापतो ती %१ च्या जागी खरा पत्ता चिकटवल्यानंतरची. आपण काय लिहिलं ते महत्त्वाचं नाही, सीएमडीने काय वाचलं ते पाहायचं आहे. मी आणखी एक ओळ घालतो: 'एको' आणि पुढे चौकटी कंसात %१, मग दुसऱ्या चौकटी कंसात %२. कंसामुळे तुकडा कुठे सुरू झाला, कुठे संपला, रिकामा आहे का, शेवटी नको ती मोकळी जागा चिकटली आहे का, हे लख्ख दिसतं. निम्मे बिघाड इथेच कळतात.

पुतण्याचा बिघाडही असाच सापडला. त्याची स्क्रिप्ट एकेक फोटो घेण्यासाठी 'शिफ्ट' ही आज्ञा वापरत होती. शिफ्ट म्हटलं की रांग एक पाऊल पुढे सरकते: %२ चा %१ होतो, %३ चा %२. रांग संपेपर्यंत हेच चक्र. ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण रांगेत शून्य क्रमांकावर स्क्रिप्टचं स्वतःचं नाव उभं असतं, आणि नुसतं शिफ्ट म्हटलं की तेही सरकतं. पहिला फोटो %० च्या जागी येऊन बसतो. इमेजमॅजिकची फाइल स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये ठेवलेली होती आणि तिचा पत्ता %~डीपी० असा लिहिलेला होता. डी म्हणजे ड्राइव्ह, पी म्हणजे मार्ग. शून्याच्या जागी जे नाव आहे त्याचं फोल्डर असा त्याचा अर्थ. पहिल्या फोटोच्या वेळी तिथे स्क्रिप्ट होती, म्हणून प्रोग्राम सापडला. दुसऱ्या फोटोच्या वेळी तिथे पहिला फोटो होता, म्हणून सीएमडी प्रोग्राम शोधायला फोटोंच्या फोल्डरमध्ये गेला.

उपाय दोन अक्षरांचा: शिफ्टच्या पुढे /१ लिहायचं. म्हणजे सरकायला एकपासून सुरुवात होते, शून्य जागेवर राहतं. मला स्वतःला त्याहून बरा वाटतो तो दुसरा उपाय: स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच %~डीपी० एका चलात साठवून ठेवायचं आणि पुढे तेच वापरायचं. त्या ओळीकडे पाहणाऱ्याला हेतू कळतो. /१ कडे पाहून कळत नाही.

आता नावं कुठे तुटतात ते पाहू. सीएमडी मोकळी जागा दिसली की तुकडा पाडतो, हे पुष्कळांना माहीत असतं. तो स्वल्पविरामावर, अर्धविरामावर आणि बरोबरच्या चिन्हावरही तुकडा पाडतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. यामागे इतिहास आहे. १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस आलं, बॅच फाइल तेव्हापासूनची. फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि शेपूट तीन अक्षरांचं, असा नियम होता. त्या नावात स्वल्पविराम, अर्धविराम, बरोबरचं चिन्ह चालतच नव्हतं. त्यामुळे ही चिन्हं तुकडे पाडायला वापरण्यात काही धोका नव्हता. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं, घराघरांतल्या पीसीवर लांब नावं आली, आणि जी चिन्हं आजवर नावांच्या बाहेर होती ती नावांच्या आत आली. मोकळी जागाही आली. तुकडे पाडणारा नियम मात्र जुनाच राहिला, कारण आधी लिहिलेल्या लाखो स्क्रिप्ट त्यावर उभ्या होत्या.

&, म्हणजे अँड या चिन्हाची गोष्ट याच्या उलट झाली. डॉसच्या काळात ते नावात चालत होतं आणि त्याला काही खास अर्थही नव्हता. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर सीएमडी आला आणि त्याने या चिन्हाला अर्थ दिला: इथे एक आज्ञा संपली, पुढे दुसरी सुरू. चिन्ह नावात चालू राहिलंच.

या सगळ्यावरचा तोडगा म्हणजे अवतरणचिन्हं. नावाला दोन्ही बाजूंनी दुहेरी अवतरणचिन्हं लावली की आतली मोकळी जागा, स्वल्पविराम, अँड, सगळं निरुपद्रवी होतं. आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात दुहेरी अवतरणचिन्ह असूच शकत नाही, त्यामुळे कुंपण आतून तुटण्याची भीती नाही. व्यवस्था उत्तम आहे. मग अडतं कुठे? एक्सप्लोरर पत्त्यांची ओळ तयार करताना अवतरणचिन्हं सगळ्या नावांना लावत नाही. मोकळी जागा असलेल्या पत्त्यालाच लावतो. म्हणजे 'हळद आणि मेंदी.जेपीजी' सुखरूप पोचते. 'हळद,मेंदी.जेपीजी' हिचे दोन तुकडे होतात. आणि 'हळद&मेंदी.जेपीजी' आली तर सीएमडी समजतो की 'हळद' या फाइलवर स्क्रिप्ट चालवायची, ती संपली की 'मेंदी.जेपीजी' ही पुढची आज्ञा पाळायची.

म्हणून माझा एक ठोकताळा आहे. शंभर फोटोंतला एकच अडत असेल तर स्क्रिप्टमध्ये शिरण्याआधी त्या फोटोचं नाव वाचा. मोकळी जागा नाही, पण स्वल्पविराम किंवा अँड आहे, असं दिसलं की दोष तिथेच. साध्या कामासाठी नाव बदलणं हा प्रामाणिक उपाय आहे. स्क्रिप्टच सुधारायची असेल तर सीएमडीसीएमडीलाइन नावाचं एक तयार चल मिळतं. सीएमडीला सुरुवातीला जी अखंड ओळ मिळाली ती त्यात जशीच्या तशी असते. तुकड्यांवर विसंबण्याऐवजी ती ओळ तपासता येते. पण तिला टक्क्यांच्या जोडीत घालून छापू नये, नाहीतर आतला अँड पुन्हा जागा होतो. विलंबित विस्तार, म्हणजे ओळ वाचून झाल्यावर मग चलाचा मजकूर भरण्याची सोय, चालू करून उद्गारचिन्हांच्या जोडीत लिहावं. आणि अशी स्क्रिप्ट 'एक्झिट' या आज्ञेने संपवावी, म्हणजे अँडच्या पुढचा उरलेला भाग चालवायला सीएमडी शिल्लकच राहत नाही.

याला किरकोळ गैरसोय समजू नये. फाइलच्या नावाचा अर्धा भाग आज्ञा म्हणून चालतो, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या नावातून आपल्या यंत्रावर आज्ञा चालू शकते. एप्रिल २०२४ मध्ये ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर उजेडात आली. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतून विंडोजवर बॅच फाइल चालवताना दिलेली अर्ग्युमेंटं, म्हणजे आपले ते तुकडे, पुरेशी बंदिस्त होत नाहीत, असं दिसून आलं. त्या त्रुटीला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले आणि रस्टच्या १.७७.२ या आवृत्तीत तिची दुरुस्ती झाली. नोड आणि पीएचपीलाही त्याच सुमारास दुरुस्त्या कराव्या लागल्या. रस्ट ही सुरक्षिततेसाठी नावाजलेली भाषा. तिथले जाणकारही अडखळले ते याच एका ठिकाणी. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या नियमाने ओळ तोडतो, आणि सीएमडीचा नियम इतरांसारखा नाही.

अवतरणचिन्हं स्वतः लावतानाही एक खड्डा आहे, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त लोक त्यात पडतात. स्क्रिप्टमध्ये "%१" असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने सावधगिरी म्हणून अवतरणचिन्हं घातलेली असतात. पण एक्सप्लोररने ती आधीच घातली असतील तर नाव दोन्हीकडून दुहेरी अवतरणांत जातं. मग सुरुवातीचं पहिलं चिन्ह कुंपण उघडतं, दुसरं लगेच मिटवतं, आणि नाव पुन्हा उघड्यावर. 'इफ' असलेल्या ओळीत असं झालं की सीएमडी तक्रार करतो, अमुक शब्द इथे अनपेक्षित आहे. तो अमुक शब्द नीट वाचावा. बहुतेक वेळा तो फाइलच्या नावातल्या मोकळ्या जागेनंतरचा तुकडा असतो, म्हणजे कुंपण नेमकं कुठे फुटलं ते संदेशच सांगतो. यासाठी टिल्ड, म्हणजे ~ हे चिन्ह आहे. %~१ म्हटलं की आधीची अवतरणचिन्हं असतील तर ती उतरवली जातात. मग आपण आपली एक जोडी लावायची: "%~१". नाव कसंही आलं तरी चिन्हांची जोडी नेमकी एकच. चलात साठवतानाही 'सेट' शब्दानंतर अवतरण उघडून, चलाचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि %~१ असं सगळं लिहून मग मिटवावं. एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ दुखणी येतच नाहीत.

अवतरणांना न जुमानणारी दोन चिन्हं उरतात. उद्गारचिन्हाचं असं, की विलंबित विस्तार चालू असताना नाव चिकटवलं तर 'वाह!.जेपीजी' मधलं उद्गारचिन्ह गळून पडतं आणि मग 'वाह.जेपीजी' सापडत नाही म्हणून स्क्रिप्ट थांबते. पुष्कळ जण विलंबित विस्तार सवयीने पहिल्याच ओळीत चालू करतात. तो नाव चलात साठवून झाल्यावर चालू करावा. टक्क्याचं चिन्ह दुसरी स्क्रिप्ट चालवणाऱ्या 'कॉल' या आज्ञेत अडतं. कॉल ओळीतले टक्के दुसऱ्यांदा वाचतो, आणि '५०% काम.जेपीजी' मधला एकटा टक्का त्या दुसऱ्या वाचनात नाहीसा होतो.

पुढचा दोष तिसऱ्या वाचकाचा, म्हणजे ज्याला आपण नाव सोपवतो त्या प्रोग्रामचा. फोटोचं सगळं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवायला रोबोकॉपी वापरतात. स्क्रिप्टमध्ये आधी "%~डीपी१" आणि मग "ई:\जतन" असं लिहिलेलं असतं. पाहायला दोन्ही पत्ते नीट अवतरणांत. तरी रोबोकॉपी म्हणतो पत्ता चुकला, आणि छापून दाखवतो तेव्हा दोन्ही पत्ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. कारण %~डीपी१ च्या शेवटी नेहमी बॅकस्लॅश असतो, आणि त्याला लागून मिटणारं अवतरणचिन्ह येतं. सीएमडीला यात काही वावगं वाटत नाही. पण सी भाषेच्या परंपरेतले बहुतेक प्रोग्राम बॅकस्लॅश आणि अवतरण ही जोडी दिसली की ते अवतरण मिटणारं न मानता नावातलंच अक्षर मानतात. पहिला पत्ता मिटतच नाही, तो दुसऱ्याला गिळून पुढे जातो. यावरचा उपाय मला फार आवडतो: बॅकस्लॅशनंतर एक टिंब द्यायचं, "%~डीपी१." असं. टिंबाचा अर्थ 'हेच फोल्डर', पत्ता तोच राहतो, आणि बॅकस्लॅश अवतरणापासून सुटतो.

रोबोकॉपीबद्दल आणखी एक गोष्ट. काम झाल्यावर तो शून्य सोडून दुसरा अंक परत देतो म्हणून स्क्रिप्ट 'चूक झाली' असं सांगते आणि माणूस घाबरतो. रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली उतरवल्या, काम झालं. ८ किंवा त्याहून मोठा अंक आला तरच बिघाड.

काही दोष नावाच्या वाटेला जातच नाहीत. चलाचं नाव 'पाथ' ठेवलेलं असतं: सेट पाथ=%~डीपी१. फोटोचा मार्ग साठवायचा, म्हणून सुचलेलं साहजिक नाव. पण पाथ हे विंडोजचंच चल आहे, प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी त्यात असते. ती पुसली गेली की पुढच्या ओळीपासून रोबोकॉपीसुद्धा 'ओळखता येत नाही'. तसंच स्क्रिप्टला 'सॉर्ट' किंवा 'पिंग' असं नाव द्यायचं नाही. आत त्याच नावाची आज्ञा असेल तर स्क्रिप्ट स्वतःलाच हाका मारत बसते. आणि एका बॅच फाइलमधून दुसरी चालवताना आधी 'कॉल' लिहावं, नाहीतर दुसरी संपल्यावर पहिलीकडे परत येणं नाही.

स्क्रिप्ट कुठे उभी आहे, हाही प्रश्न असतो. ती स्वतःच्या फोल्डरमध्ये उभी राहून काम करते, असं आपण गृहीत धरतो. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' म्हटलं की ती सिस्टिम३२ या फोल्डरमधून सुरू होते, आणि 'लहान फोटो' नावाचं फोल्डर तिथे तयार करू पाहते. स्क्रिप्ट नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकात असेल तर सीएमडीला तिथे उभंच राहता येत नाही, तो विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन थांबतो. अशा वेळी 'पुशडी' ही आज्ञा उपयोगी पडते. ती नेटवर्कच्या जागेला तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर देते, झेडपासून उलट क्रमाने, आणि तिथे नेऊन उभं करते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत फाइल ओढून टाकली आणि काहीच झालं नाही, तर तो बिघाड नव्हे. कमी अधिकाराच्या खिडकीतून जास्त अधिकाराच्या खिडकीत काही ओढून टाकायला विंडोज व्हिस्टापासून मनाई आहे.

आणि आता आपल्या लिपीकडे. मराठी नावांच्या फाइली बॅच फाइलला चालत नाहीत, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. काहींनी त्यापायी सगळी नावं रोमनमध्ये करून टाकली. मला याचं वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. 'आजीची पंचाहत्तरी.जेपीजी' ओढून टाकली तर काळ्या खिडकीत तिच्या जागी चौकोन दिसतील. जुन्या कन्सोल खिडकीला देवनागरीची जोडाक्षरं मांडता येत नाहीत, तिच्या फाँटमध्ये ती अक्षरं नसतात. पण सीएमडी आतून युनिकोडच वापरतो. चौकोन हा दिसण्यातला दोष आहे. नाव शाबूत आहे, आणि त्या नावाने फाइल उतरवली तर ती मराठी नावासकट नीट उतरते. खात्री करायची असेल तर खिडकीकडे न पाहता एक्सप्लोररमध्ये तयार झालेल्या फाइलीकडे पाहावं.

खरी अडचण येते ती मराठी अक्षरं स्क्रिप्टच्या आतच लिहिली तर. समजा, 'लहान फोटो' या नावाचं फोल्डर करायला सांगितलं. नोटपॅड ते यूटीएफ-८ मध्ये साठवतो. २०१९ च्या मेमधल्या विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीपासून तीच त्याची मूळ पद्धत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटांची असते. सीएमडी मात्र बॅच फाइल वाचताना चालू कोडपेज, म्हणजे कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता, वापरतो. ते ४३७ असेल तर तीन बाइटांची तीन वेगळी चिन्हं होतात. 'फोटो' या शब्दात फ, ओकार, ट, ओकार अशी चार एककं. त्यांची बारा चिन्हं होतात, आणि त्याच नावाचं फोल्डर डिस्कवर उभं राहतं. ही गत ओळखण्याची एक खूण आहे: ग्रीक अल्फा आणि त्याच्या लगेच पुढे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट कोडपेज ४३७ मध्ये असेच दिसतात. ही जोडी दिसली की समजावं, मजकूर मराठी होता आणि वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता हातात घेतला. स्क्रिप्टच्या वरच्या भागात 'सीएचसीपी ६५००१' ही ओळ घातली की सीएमडी त्याखालचा मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचतो. फाइल साठवताना 'बीओएम'सह असा पर्याय मात्र घेऊ नये. बीओएम ही फाइलच्या अगदी सुरुवातीला घातली जाणारी खूण, तिचे तीन बाइट पहिल्या आज्ञेला चिकटतात आणि पहिलीच ओळ ओळखू येत नाही.

मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर ते चौकोनांहून गंभीर आहे. तिसरा वाचक, म्हणजे तो प्रोग्राम, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने लिहिलेला आहे आणि त्याला देवनागरी मिळालेलीच नाही. विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे 'कोणतंही एक अक्षर', त्यामुळे असं नाव भलत्याच फाइलीशी जुळू शकतं. पुसणारी किंवा हलवणारी स्क्रिप्ट असेल तर तिथेच थांबावं. सीएचसीपीने हे सुधारत नाही, प्रोग्राम नवा घ्यावा लागतो.

लग्नसराई संपत आली तेव्हा पुतण्याचा पुन्हा फोन. अख्ख्या लग्नाचे फोटो एकदम टाकले की स्क्रिप्ट सुरूच होत नाही. हे मर्यादेचं प्रकरण. सीएमडीची एक ओळ जास्तीत जास्त ८१९१ अक्षरांची. एका फोटोचा पूर्ण पत्ता ६० अक्षरांचा धरला तर सव्वाशे-एकशेतीस फोटोंत ती ओळ भरते, आणि एका लग्नात याच्या कितीतरी पट फोटो असतात. त्याला म्हटलं, फोटो टाकू नकोस, फोल्डर टाक. मग ओळीत एकच पत्ता जातो, आणि फोल्डरमधले फोटो आत गेल्यावर 'फॉर'च्या चक्राने एकेक करून उचलता येतात. लहान प्रती मात्र त्याच फोल्डरमध्ये ठेवायच्या नाहीत, पोटफोल्डर करायचं. चक्र चालू असतानाच तिथे नव्या फाइली उगवल्या तर फॉर कधी कधी त्यांनाही उचलतो आणि लहान केलेल्या फोटोला पुन्हा लहान करत बसतो.

शेवटचा प्रश्न त्याने संकोचतच विचारला. तो अल्बमच्या मुखपृष्ठासाठी दुसरी स्क्रिप्ट वापरतो: पहिला फोटो मोठा, बाकीचे तीन खाली लहान. वधू-वरांचा फोटो नावाच्या क्रमाने सगळ्यांत वर असूनही कधी तो मोठा येतो, कधी भलताच. "नावं बदलून पाहिली, क्रमांक घातले. काहीच फरक नाही." मी विचारलं, चारही निवडल्यावर ओढताना माउस कुठल्या फोटोवर असतो? तो थोडा वेळ गप्प झाला. म्हणाला, "जो हाताशी येईल त्याच्यावर." एक्सप्लोरर ओळ तयार करताना ज्या फाइलीला धरून ओढलं तिचा पत्ता आधी लिहितो, बाकीच्यांचे नंतर. चार फोटो निवडायचे आणि वधू-वरांच्या फोटोला धरून ओढायचं. फोन चालू ठेवूनच त्याने तसं केलं, आणि मला मागून कळ दाबल्याचा आवाज आला.